सहा वाजून त्रेसष्ट मिनिटे

सांगलीच्या गावभागातील त्या घरी स्वयंपाकघराच्या दाराशेजारी एक कागद कायम चिकटवलेला असे. महिन्याच्या आरंभी बस्तीतून परतताना सासूबाई उपाध्यांच्या पंचांगातून सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा उतरवून आणीत आणि तो कागद पिठाच्या खळीने भिंतीला लावीत. सूर्यास्तापूर्वी दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, अन्नपाणी आटोपायचे हा त्यांचा चाळीस वर्षांचा नियम होता. घरातले इतर जण सवडीप्रमाणे पाळत अथवा न पाळत. सासूबाईंनी कधी कोणाला टोकले नाही. मात्र स्वतःच्या बाबतीत त्या मिनिटाचीही सूट घेत नसत.

एका वर्षी त्यांच्या उजव्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. बारीक अक्षरे उतरवून घेणे जड जाऊ लागले. तेव्हा सून म्हणाली, "आई, तुम्ही कशाला त्रास घेता? कॅलेंडरात रोजच्या वेळा छापलेल्या असतातच की." नवे कॅलेंडर एका व्यापाऱ्याकडून भेट आलेले होते. वर श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराचे प्रसन्न चित्र होते. सुनेने जुना कागद खरवडून काढला, भिंत पुसली आणि त्या जागी खिळा ठोकून कॅलेंडर टांगले. रोज दुपारी ती सूर्यास्ताची वेळ मोठ्याने वाचून दाखवी आणि सासूबाई मनातल्या मनात त्यातून दोन घटिका वजा करीत.

जून महिन्यात नागपूरची नणंद माहेरपणाला आली. पानावर भाकरी घेता घेता तिचे लक्ष कॅलेंडरकडे गेले आणि ती सहज बोलून गेली, "आई, या तर मुंबईच्या वेळा. आमच्याकडे नागपूरला हे कॅलेंडर घेऊन भागत नाही, फार फरक पडतो."

सून चष्मा लावून भिंतीशी गेली. तळाशी, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत, 'सूर्योदय-सूर्यास्त मुंबईचे' असे छापलेले होते.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी उपवास केला. त्यानंतर येत्या अनंत चतुर्दशीपर्यंत गूळ-साखर सोडली. सुनेने चूक आपली म्हणून वारंवार सांगून पाहिले, त्यावर एकच उत्तर मिळाले, "नियम माझा. वाचून घ्यायचे ते मी घेतले नाही." रागाचा एखादा शब्द आला असता तर सुनेला हलके वाटले असते. तो आला नाही. जानेवारीपासून जूनपर्यंतचे सगळे दिवस त्या एका खिळ्याला टांगलेले तिला दिसू लागले.

आता जुना कागद पुन्हा लावणे हा सरळ उपाय होता आणि तो त्याच संध्याकाळी लावलाही गेला. पण तो वाचणार कोण? सून ब्लाऊज शिवण्याचे काम करी; गिऱ्हाइकांकडे, बाजारात, कधी मिरजेला जावे लागे. ती घरी नसताना सासूबाईंना कागदावरची अक्षरे लागत नसत आणि वजाबाकी करायला वेळच समोर नसे. घरात करोनाच्या काळात मुलाच्या शाळेसाठी घेतलेला एक टॅब धूळ खात पडला होता. त्याच्यावर मोठ्या अक्षरांत आजची एक वेळ दिसली तर? सुनेने हा विचार भाचीजवळ बोलून दाखवला. भाची पुण्यात अभियांत्रिकीला होती आणि सुट्टीत आठवडाभर मावशीकडे आलेली होती. ती म्हणाली, "अगं मावशी, एवढंच ना? वेबसाइट करू. आणि तूच कर, मी सांगते कशी."

पन्नाशी ओलांडलेल्या, दहावीला गणितात काठावर उत्तीर्ण झालेल्या बाईला हे ऐकून हसूच आले. हळदीच्या अडत दुकानातला जुना लॅपटॉप घरी आणताना नवऱ्यानेही, "आता हे काय नवीन?" असा चेहरा केला. तरी रात्री दोघी बसल्या. भाचीने वहीत भराभर यादी केली: मुखपृष्ठावर बस्तीचा फोटो, वर सरकणारा सूर्य, तिथी, पक्ष, नक्षत्र, सर्व पर्वांची माहिती, सभासदांसाठी पासवर्ड. सून ती यादी बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "कापड कापायच्या आधी धावदोरा घालायचा असतो. हे तर तू काजे-बटणंच आधी करायला निघालीस."

संगणकाच्या व्यवसायात याला प्रोटोटाइप म्हणतात, म्हणजे कच्चा नमुना. शिवणकाम करणाऱ्या बाईला तो शब्द ठाऊक नसला तरी ती गोष्ट पुरती ठाऊक होती. नव्या गिऱ्हाइकाचे महागाचे कापड ती कधी थेट मशीनखाली घालत नसे. आधी जुन्या मांजरपाटावर बेतून, लांब टाक्यांनी जोडून अंगाला लावून बघायचे. कुठे ओढते, कुठे झोळ पडतो ते पाहायचे. टाके उसवायचे आणि पुन्हा बेतायचे. त्या टाक्यांना कोणी सुबक म्हणत नाही. ते उसवण्यासाठीच घातलेले असतात. संगणक शिकू पाहणारी तरुण मुले पुष्कळदा नेमके हेच टाळतात. कोणती भाषा आधी शिकावी, कोणते साधन चांगले, यावर महिनेच्या महिने चर्चा करतात आणि अंगाला लावून बघण्याची पाळी येतच नाही.

भाची शहाणी होती. तिने यादीवर काट मारली आणि मावशीला सांगितले की जगातील पहिले वेबपेजही असेच साधे होते. स्वित्झर्लंडमधील सर्न या भौतिकशास्त्राच्या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली या कल्पनेचा प्रस्ताव मांडला आणि १९९१ मध्ये ते पान बाहेरच्या जगासाठी खुले झाले. त्यात चित्र नव्हते, रंग नव्हते. होता तो मजकूर आणि एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणारे दुवे.

पहिला नमुना लॅपटॉपवर झालाच नाही. तो कॅलेंडरच्या फाडलेल्या पानाच्या पाठीवर झाला. टॅबच्या आकाराचे तीन कागद कापले. पहिल्यावर संपूर्ण महिन्याचा तक्ता आखला. सासूबाईंनी तो हातात घेऊन लांब धरला, जवळ धरला आणि परत दिला. "हे तर भिंतीवर होतंच की." दुसऱ्या कागदावर आजची तारीख, तिथी, सूर्योदय, सूर्यास्त आणि जेवणाची अखेरची वेळ असे पाच आकडे एकाखाली एक मांडले होते. त्यावर सासूबाईंनी विचारले, "यात वाचायचं काय?" तिसऱ्या कागदावर जाड पेनने एकच वेळ लिहिली, वीतभर अक्षरांत, आणि तिच्याखाली 'पर्यंत' हा शब्द. तो कागद मिसळणाच्या डब्याला टेकवून उभा केला. सासूबाईंनी चूल ओट्याच्या ज्या टोकाला आहे तिथून तो वाचला, चष्म्याविना वाचला. मग म्हणाल्या, "वर गावाचं नाव लिही. सगळं त्याच्यामुळेच झालं."

तीन कागद आणि अर्धा तास. हीच तीन पाने लॅपटॉपवर तयार केली असती तर आठवडा गेला असता. आणि आठवडा घालवून केलेल्या वस्तूला 'यात वाचायचं काय' असे कोणी म्हटले की करणाऱ्याला ते लागते. मग तो वस्तू बदलण्याऐवजी समजावीत बसतो.

त्यानंतर एचटीएमएल. हे नाव ऐकून सुनेला धास्ती वाटली होती. प्रत्यक्षात ती खुणा करण्याची रीत निघाली. शिंपी खडूने कापडावर 'इथे चुणी', 'इथे काज' अशा खुणा करतो, तशी मजकुराच्या आधी-नंतर कोनदार कंसांत खूण करायची: हे शीर्षक, हा परिच्छेद. नोटपॅडसारख्या साध्या संपादकात लिहून फाइल साठवायची, ब्राउझरमध्ये उघडायची. त्यासाठी इंटरनेटदेखील लागत नाही, हे कळल्यावर तिला अधिकच आश्चर्य वाटले. पहिल्या वेळी 'सांगली' या शब्दाच्या जागी परदेशी चिन्हांची खिचडी उमटली. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह संगणकात सामान्यतः तीन घरांत साठवले जाते आणि ती घरे कोणत्या पद्धतीने वाचायची हे ब्राउझरला सांगावे लागते; न सांगितल्यास तो अंदाज करतो आणि एकाच्या जागी तीन भलतीच चिन्हे मांडतो. यूटीएफ-८ नावाची एक ओळ वर घातल्याबरोबर 'सांगली' जागेवर आले. सुनेने ते पान नवऱ्याला दाखवले. पांढऱ्या पडद्यावर काळे गाव आणि त्याखाली एक वेळ, एवढेच. तो म्हणाला, "एवढ्यासाठी तीन तास?" ती काही बोलली नाही, पण त्या रात्री तिला लवकर झोपही आली नाही.

ते पान मात्र मुके होते. लिहिलेली वेळच ते दाखवी. रोज बदलण्यासाठी त्याला हिशोब शिकवायला हवा होता. इथे प्रोग्रामिंगचा आरंभ झाला. ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली अवघ्या दहा दिवसांत उभी केली असे सांगतात. म्हणजे तीही एका अर्थी धावदोऱ्यानेच शिवलेली आणि नंतर जगभर तशीच अंगावर राहिलेली. भाचीने आधी एक सोपी युक्ती सुचवली. भारताचे घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर लावलेले आहे. सूर्य एक अंश सरकायला चार मिनिटे घेतो. मुंबईपेक्षा सांगली सुमारे पावणेदोन अंश पूर्वेला. म्हणजे सांगलीचा सूर्य सुमारे सात मिनिटे आधी मावळणार. कॅलेंडरातील वेळेतून सात मिनिटे वजा करू, मग दोन घटिका वजा करू. नमुन्यासाठी दिवस घेतला तो नणंदेने चूक दाखवली तोच. मुंबईचा सूर्यास्त ७.१८. सात मिनिटे तोंडीच वजा करून सुनेने ७.११ असा आकडा टाकला आणि पुढे लिहिले: यातून ०.४८ वजा कर.

पान उघडले. लॅपटॉप सासूबाईंसमोर धरला. वीतभर अक्षरांत उमटले होते: ६.६३ पर्यंत.

सासूबाईंनी ते दोनदा वाचले. मग कितीतरी दिवसांनी त्या मनमोकळ्या हसल्या. "अगं, त्रेसष्ट शलाकापुरुष ऐकलेत मी. त्रेसष्ट मिनिटं कुणाच्या घड्याळात असतात?"

सुनेचा चेहरा पडला, पण भाची मात्र टाळ्या पिटू लागली. कारण दोष कुठे आहे ते तिला लगेच उमगले होते. आपण वेळ लिहिताना तास आणि मिनिटे यांच्यामध्ये टिंब देतो. माणसाला ते टिंब म्हणजे 'वाजून' असे वाचता येते. संगणकाला ते दशांशचिन्ह वाटते. त्याच्या लेखी ७.११ म्हणजे सात आणि एक शतांश कमी बारा शतांश. त्याचा तास शंभर मिनिटांचा. त्याने वजाबाकी अचूक केली होती. चुकीचा होता तो त्याला घातलेला प्रश्न.

"तुम्ही तोंडी कसं करता आई?" सुनेने विचारले.

"एक तास काढून घ्यायचा आणि बारा मिनिटं परत द्यायची," सासूबाई म्हणाल्या. "सात-अकराचे झाले सहा-अकरा, त्यात बारा मिळवले, सहा-तेवीस."

हीच रीत जशीच्या तशी लिहून काढली. पानावर ६.२३ आले. संध्याकाळभर घरात समाधान होते.

दुसऱ्या दिवशी सासूबाई बस्तीतून आल्या त्या एक आकडा घोकतच. उपाध्यांच्या पंचांगात त्या दिवसाचा सांगलीचा सूर्यास्त ७.०७ होता, ७.११ नव्हे. सात मिनिटांचा हिशोब अपुरा पडला होता. भाचीने पुन्हा कागद घेतला तेव्हा लक्षात आले की गावे पूर्व-पश्चिम तशी दक्षिणोत्तरही असतात. मुंबई सांगलीच्या उत्तरेला. उन्हाळ्यात उत्तरेचा दिवस मोठा, हिवाळ्यात लहान. त्यामुळे दोन्ही गावांच्या सूर्यास्तातील अंतर जूनच्या अखेरीस ११ मिनिटांपर्यंत जाते आणि डिसेंबरात जेमतेम तीन मिनिटांवर येते. सात हा आकडा बरोबर ठरतो तो दिवस-रात्र समान असताना. आडाखा सोडून पंचांगातील बारा महिन्यांच्या वेळा टंकित करण्यावाचून गत्यंतर नव्हते.

पण त्या ७.०७ ने आणखी एक गोष्ट उघड केली. सून वहीत जुनी आकडेमोड पाहत होती. आपण पहिल्या दिवशीच हा खरा आकडा घातला असता तर काय झाले असते, म्हणून तिने सहज वजाबाकी केली: ७.०७ उणे ०.४८, म्हणजे ६.५९. तिचा हात थबकला. खरी वेळ ६.१९. पानाने ६.५९ दाखवले असते. सूर्यास्ताच्या आतली, अगदी खरी वाटणारी वेळ. कोणी हसले नसते. सासूबाई रोज चाळीस मिनिटे उशिरापर्यंत जेवत राहिल्या असत्या, आणि या खेपेला गावाचे नावही ठसठशीत, बरोबर लिहिलेले असते.

ही गोष्ट तिने भाचीला सांगितली तेव्हा भाचीही गप्प झाली. वेडीवाकडी दिसणारी चूक आपण होऊन ओरडते. सोज्वळ दिसणारी चूक घरातच राहते. प्रोग्रामिंग शिकवणारी पुस्तके पहिल्या धड्यात पडद्यावर एखादे अभिवादन उमटवायला सांगतात, आणि ते उमटले की विद्यार्थ्याला वाटते, जमले. उमटणे आणि बरोबर असणे यांतील अंतर त्या घरी ६.६३ मुळे कळले. आणि तो आकडा पुढे आला तो केवळ निवडलेल्या दिवसामुळे.

तेव्हापासून सुनेने एक शिस्त लावून घेतली. कोणताही बदल केला की निरनिराळ्या महिन्यांतील पाच-सहा दिवस निवडायचे, त्यांची वेळ आधी सासूबाईंनी तोंडी सांगायची, ती वहीत लिहायची आणि मगच पान उघडायचे. आधी पान पाहिले तर मन त्याच्या बाजूने झुकते.

भाची पुण्याला परत गेली. बारा महिन्यांचे आकडे टंकित करण्याचे काम सुनेने एकटीने, रोज गिऱ्हाइकांचे काम उरकल्यावर, आठ-दहा रात्रींत केले. सासूबाई पंचांग मांडीवर ठेवून भिंगातून वाचीत, ती टंकित करी. मग ती वाची आणि सासूबाई ताडून पाहत. दोघींना एवढा वेळ शेजारी बसण्याचा प्रसंग लग्नानंतरच्या अठ्ठावीस वर्षांत क्वचितच आला असेल. मधूनच सासूबाई घटी-पळांचा हिशोब सांगत. साठ पळांची एक घटिका, साठ घटिकांचा अहोरात्र, एक घटिका म्हणजे चोवीस मिनिटे. गाळलेल्या पाण्याची मर्यादाही तीच, दोन घटिका. त्यांच्या आईच्या घरी घड्याळ नव्हते. अंगणातील खांबाच्या सावलीवरून स्वयंपाक आवरला जाई.

जुलैत टॅब प्रथम मिसळणाच्या डब्याला टेकून उभा राहिला. स्थिर पानांना गिटहब पेजेससारख्या सेवा मोफत जागा देतात. भाचीने फोनवरून सांगत ते पान तिथे ठेववून घेतले. दोन दिवस झाले आणि सासूबाईंनी सांगितले, "पाच मिनिटं लवकर दाखवतंय." ताडून पाहता ते जुलैच्या तारखेला जूनची ओळ वाचत होते. जावास्क्रिप्ट महिने शून्यापासून मोजते. जानेवारी शून्य, जुलै सहा. सुनेच्या तक्त्यात सहावा महिना जूनच होता. तिला हे अगदीच विचित्र वाटले, आणि ते आहेही. सासूबाई मात्र म्हणाल्या, "चूक व्हायचीच तर अशी व्हावी, लवकरच्या बाजूची." सून तेवढ्यावर थांबली नाही. तिने वही काढून पुढचे महिने पाहिले. ऑक्टोबरात हीच चूक राहिली असती तर सप्टेंबरची वेळ दिसली असती, वीस मिनिटांहूनही अधिक उशिराची. तिने तक्त्यातील सगळे क्रमांक एकाने मागे घेतले.

ऑगस्टच्या मध्यावर पान पुन्हा बिघडले. संध्याकाळी पाचच्या सुमारास सून मिरजेला एका गिऱ्हाइकाकडे होती आणि सासूबाईंचा फोन आला. "आज पाच-एकोणसत्तर आलंय. पण तू घाबरू नकोस, मला कळलं सहा-नऊ ते."

बसमध्ये बसून तिने वहीच्या पाठीवर हिशोब केला. त्या दिवशीचा सूर्यास्त ६.५७. तास काढला, ५.५७; बारा परत दिले, ५.६९. सासूबाईंची तोंडी रीत मुळात चुकीची नव्हतीच; मिनिटे साठापलीकडे गेली की हातचा तासाकडे द्यायचा, हे त्या न सांगता करीत. ते त्यांच्या इतके अंगवळणी पडले होते की सांगायचे राहून गेले आणि सुनेला विचारायचे सुचले नाही. जूनपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सूर्यास्त सातच्या पुढे होता, त्यामुळे मिनिटे थोडी असत आणि हातचा लागतच नसे. तपासणीसाठी निवडलेल्या पाच-सहा दिवसांतही असा एक दिवस आला नव्हता. शिस्त होती, पण तिला भोक होते.

या वेळी तिने भाचीला फोन केला नाही. रात्री जेवणे झाल्यावर सगळे टाके उसवले. टिंब कायमचे काढून टाकले. तास वेगळा, मिनिटे वेगळी. मध्यरात्रीपासून किती मिनिटे झाली ते आधी काढायचे: अठरा तासांची १०८० आणि वरची ५७, एकूण ११३७. त्यातून ४८ गेली, राहिली १०८९. त्याला साठाने भागले की अठरा वेळा भाग जातो आणि नऊ उरतात. सहा वाजून नऊ मिनिटे. बाकी साठापेक्षा मोठी येऊच शकत नाही. मिनिटे एकआकडी आली तर आधी शून्य लावायचे, म्हणजे सासूबाई 'सहा-नऊ'ला 'सहा-नव्वद' वाचणार नाहीत, हीही सोय तिने त्याच बैठकीत केली. मग पाच-सहा दिवसांऐवजी तक्त्यातील सगळ्या दिवसांची यादी एकाखाली एक छापून घेतली आणि सासूबाईंसमोर ठेवली. ती वाचायला त्यांना चार दुपारी लागल्या. यादीत वजाबाकीची चूक एकही निघाली नाही; टंकनाच्या तीन निघाल्या. एके ठिकाणी सुनेने मार्चमधील एका दिवशी सूर्याला एक तास आधी मावळायला लावले होते.

दशलक्षण पर्व सुरू झाले तेव्हा पान चालत होते. त्या दहा दिवसांत सासूबाईंचे एकाशन असे, त्यामुळे संध्याकाळच्या वेळेचा प्रश्नच नव्हता. तरी टॅब डब्यापाशी उभा असे. बस्तीतील दोघी-तिघींनी तो दुवा मागून घेतला. एकीने त्यात दिव्याचे चित्र घालावे असे सुचवले. सुनेने विनम्रपणे ऐकून घेतले. अनंत चतुर्दशी झाल्यानंतर पारण्याला तिने पुरणपोळी केली. सासूबाईंनी गुळाचा पहिला घास घेतला तेव्हा ती दुसरीकडे पाहत होती.

पान असूनही सासूबाई निजण्याच्या खोलीच्या पश्चिमेकडील खिडकीशी जाऊन एकदा आभाळ पाहून येत. सुनेला आरंभी ते लागले. नंतर टॅबचा चार्ज एकदा भर दुपारी संपला आणि मग लागेनासे झाले.

दिवाळीनंतर नागपूरहून नणंदेचा फोन आला. "वहिनी, ते पान मलाही पाठव ना."

"ताई, ते सांगलीचं आहे. डिसेंबरात तुमच्याकडे सूर्य आमच्यापेक्षा पाऊण घटिकेहून जास्त आधी मावळतो. हे लावलंत तर पुन्हा तेच व्हायचं."

"मग माझ्यासाठी एक करून दे."

"करू. पण आधी टॅबएवढा एक कागद कापा आणि तुम्हाला काय दिसायला हवं ते पेन्सिलीनं काढून फोटो पाठवा."

चार दिवसांनी फोटो आला. नणंदेने हौसेने काढले होते: वरच्या कोपऱ्यात उगवता सूर्य, खाली तिथी, वार, नक्षत्र, सूर्योदय, सूर्यास्त, जेवणाची वेळ, पाणी गाळण्याची आठवण आणि तळाशी वेलबुट्टी. सुनेने फोन सासूबाईंच्या हाती दिला. त्यांनी चष्मा पुसून लावला, फोटो लांब धरला, जवळ धरला.

"छान काढलंय पोरीनं," त्या म्हणाल्या. "पण यात वाचायचं काय?"